बिनदाताचा करंट

आमच्या श्रीमंतभावजींचं नाव कुनी काढलं की माझ्या कपाळाला आठी पडती. पडू द्या. सख्खा दीर हाय माझा. लग्न होऊन ह्या घरात आले तवापासून त्यांच्या ताटात वाढलंय, त्यांचे लेंगे धुतल्यात, दुखन्यात त्यांच्या उशाशी बसलेय. तवा मला बोलायचा हक्क हाय. कोपरगावच्या स्टँडवर च्याच्या टपरीत बसून हे गृहस्थ आजबी सांगत्यात, "आप्पासाहेबांची घरगाडी? ती सगळी माझ्या हातची!" अन् ऐकनारे येडे वर त्यांनाच च्या पाजत्यात. म्हनून म्हनलं, एकदा खरं काय ते सांगून टाकावं.

नाव श्रीमंत, अन् अंगावरचा सदरा कायम थोरल्या भावाचा. थोरला भाऊ म्हंजे आमचे हे, बन्सी डायवर. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हनत्यात, पन कळायला तर पायजे कोन कोन ते. घेतलं एकदा, झालं.

भावजींनी चौथीत शाळा सोडली. मंग शिंप्याकडं बसले, तिथं काजं शिकायच्या आत उठले. बँडात गेले, तिथं ढोल दिला तर ह्यांना पिपानी पायजे. साखर कारखान्यात लागले, तिथं मुकादमालाच अक्कल शिकवली अन् आठवड्यात घरी आले. तेवढ्यात आमच्या वस्तीकडं लाईटीचे खांब आले. बोर्डाच्या एका वायरमनला शिडी धरायला मानूस पायजे हुता. भावजींनी धरली. पावसाळाभर शिडीच धरली. त्या वायरमनची बदली झाली अन् दुसऱ्या दिवशी आमचे भावजी वायरमन! आता मला सांगा, वरातीत घोड्याचा लगाम धरला म्हनून कुनी नवरदेव व्हतो का? पन त्या टायमाला आमच्या भागात दुसरा कुनी न्हवता, म्हनून लोकं ह्यांनाच बोलवायची.

सदऱ्याच्या खिशाला टेस्टर अडकवलेला. झोपताना सुदिक निघायचा न्हाई. पन वायर चालू हाय का बंद, हे बघायला तो टेस्टर कवा लावायचे न्हाईत. उलट्या हातानं वायरीला शिवायचे. झटका बसला की दात काढून हसायचे. "चावला, वैनी! चांगला चावरा हाय!" ह्यांची सगळी विद्या एवढीच. करंट म्हंजे कुत्रं. जेवढं चावरं, तेवढी साखळी जाड. विहिरीविहिरीवर पंप बसत हुते तवा, अन् त्या पंपाच्या करंटाला सगळी वस्ती भिऊन असायची, कारन एकदोघं त्याला चिकटून जागीच गेले हुते. त्यामुळं जो हात लावतो तो शहाना, असं लोकांनी ठरवून टाकलं.

आमच्या शेजारच्या सूर्यभानाचा पंप ह्यांनी जोडला. दिवाळीतल्या फटाकड्यावानी उडाला तो. सूर्यभान बोंबलत आला, तर भावजी शांतपनी म्हनले, "तुझी विहीर खोल हाय, तिला माझा काय इलाज?" दुसऱ्याचा जळाला तर "बोर्डाचं व्होल्टेज कमी." तिसऱ्याचा जळाला तर "मोटारच डुप्लिकेट हुती." बोर्ड काय भांडायला येतंय व्हय? अन् ह्यांच्या स्वतःच्या घरात? सुमन, म्हंजे माझी जाऊ, चिमनीच्या उजेडात भाकऱ्या थापायची. "आमच्या वायरमनला सवड न्हाई," म्हनायची बिचारी, अन् काजळी पुसायची.

आता घरगाडीचं सांगते. आमी आप्पासाहेबांच्या वस्तीवर राहायचो. ऊस म्हनू नका, ट्रक म्हनू नका, बंगला म्हनू नका, सगळं हुतं त्यांचं. आमचे हे त्यांचेच डायवर. आप्पासाहेबांच्या आई छबूबाई, त्यांना आमी थोरल्या बाई म्हनायचो. शिमग्याच्या दिवशी गोठ्यात पाय घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तवापासून त्या आडव्याच. बसता यायचं न्हाई. त्यांचं न्हानंधुनं, खानंपिनं, सगळं मी करायची.

बाईंना एकच भाऊ, पाठचा, सहादेव नावाचा. पाथर्डीच्या पुढं एका वाडीवर कोरडवाहू जमीन करायचा. दर भाऊबिजेला यष्ट्या बदलत बदलत बहिनीकडं यायचा, खांद्यावर बाजरीचं गाठोडं. बंगल्यात बाजरी कोन खातंय? पन बाई त्या गाठोड्याला दुसऱ्या कुनाला हात लावू द्यायच्या न्हाईत. बांगलादेशची लढाई व्हायची हुती अजून, त्या सालची ही गोष्ट. पोळ्याच्या सुमाराला सांगावा आला की सहादेवमामांच्या अंगावरनं वारं जाऊन अर्धं अंग लुळं पडलंय, आता ते बाजेवरनं उठत न्हाईत. भाऊ उठत न्हाई अन् बहीन बसत न्हाई. बाईंनी लेकाला बोलावून घेतलं. "आप्पा, दरसाल तो माझ्याकडं येतो. यंदा मला त्याच्याकडं ने. एकदा त्याला ओवाळू दे, एकदा त्याच्यासंगं बोलू दे. बाकी मला काय नको."

आप्पासाहेबांबद्दल बोलायला बसले तर दिवस पुरायचा न्हाई, पन आईवर त्यांचा जीव हुता, हे खरं. त्यांनी लिलावातली एक जुनी बस उचलली. बाकडी काढून टाकली. आत पलंग ठोकला, मोरी केली, पान्याची टाकी, स्टोव्ह, पुढच्या बाजूला देव्हारा, वर पंखा, खिडक्यांना पडदे. झोपून जायचं, अन् वाटंत आडोसा बी मिळायचा. पडलेल्या बाईमानसाला दुसरं काय पायजे? अशी ती घरगाडी, सगळं झकास जमलं हुतं. अन् मंग लाईटीचं काम भावजींना दिलं.

बस ती बस. पन आत पलंग अन् देव्हारा आला की आमच्या लोकांना वास्तुशांत पायजे. भटजी आले, नारळ फुटला, अन् आमचे भावजी पुढं सरसावले.

"आप्पासाहेब, ब्याटरी म्हंजे अग्नी. घरात अग्नी आग्नेय कोपऱ्यात पायजे. ही तर डायवरच्या पायापाशी हाय, देव्हाऱ्याच्या बुडाला. देवाच्या खाली तेजाबाची पेटी! बरं दिसतंय का ते?"

भटजींनी तरी थांबवावं! ते म्हनले, "शास्त्राला धरून हाय." दक्षिना घ्यायची हुती त्यांना अजून. बस अंगनात उत्तरेला तोंड करून उभी हुती. तवा आग्नेय म्हंजे पार मागचा उजवा कोपरा. इंजिन पुढं, अन् ब्याटरी उचलून नेली शेपटाला.

मला राहवलं न्हाई. मी म्हनले, "भावजी, आपल्याला जायचंय दक्षिनेला. गाडीनं तोंड फिरवलं की तुमची आग्नेय जाती वायव्येला. मंग काय, वाटंत पेटी घेऊन हिकडून तिकडं पळायचं का?"

"वैनी, घराची दिशा वास्तुशांतीला ठरती. मागनं घर फिरलं म्हनून दिशा फिरत न्हाई."

कपाळ माझं! पन आप्पासाहेबांनी मान डोलावली. बड्या मानसाला आवडंल तेच बोलायचं, ही भावजींची दुसरी विद्या, अन् त्यात मातर ते कुनाला हार जायचे न्हाईत.

बरं, नेली मागं तर नेली. पन ब्याटरीपासनं स्टार्टरपर्यंत वायर लागती. आधीची केबल हातभर लांब, अन् अंगठ्याएवढी जाड. ती आता पुरंना. भावजींनी कुन्या पंपाची उरलेली वायर आनली, करंगळीपेक्षा बारीक, अन् बसच्या पोटाखालनं ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत वढून टाकली. आमचे हे वाकून बघत हुते.

म्हनले, "श्रीमंत, कंपनीनं हातभर अंतराला अंगठ्याएवढी केबल दिली. तू बसभर अंतराला ही सुतळी लावतो व्हय रं?"

"दादा, तुमी गाडी हाना, हे माझ्यावर सोडा. ही वायर पाच हार्सपावरची मोटार चालवती विहिरीवर. चारशे व्होल्ट! अन् तुमची ब्याटरी किती? बारा." मंग त्यांनी ब्याटरीच्या दोन्ही खुंट्यांवर दोन हात ठेवले अन् जमलेल्या सगळ्यांकडं बघितलं. "चावती का? न्हाई चावत. बिनदाताचं कुत्रं हाय हे. ह्याला साखळी कशाला? दोऱ्यानं बांधा."

लोकं हसली. आप्पासाहेब बी हसले.

"मंग कंपनीनं जाड का दिली?"

"त्यांना तांबं फुकट, दादा."

ऐकलं? ज्यानं गाडी बनवली तो येडा, अन् ज्यानं शिडी धरली तो शहाना! अहो, चावनं येगळं अन् वढनं येगळं. स्टार्टरला एवढं मोठं इंजिन गरकन फिरवायचं असतं. त्या घडीला तो ब्याटरीतनं लोंढाच्या लोंढा वढतो. लोंढ्याला पाट रुंद लागतो. अन् पाट जेवढा लांब तेवढं पानी वाटंतच मुरतं. उसाला पानी देनाऱ्या कुठल्या बी मानसाला हे कळावं, अन् तिथं उभे हुते ते सगळे ऊसवालेच. आमच्या ह्यांना तर चांगलंच कळत हुतं. पन घरी आल्यावर म्हनले, "चार लोकांत सख्ख्या भावाचा पानउतारा कसा करू?"

मी म्हनले, "नका करू. बस ढकला."

अन् ढकलायचीच पाळी आली. स्टार्टर दाबला की नुसतं 'टक्'. पुढचे मोठे दिवे चिमनीगत बारीक व्हायचे, रबराचा वास सुटायचा. भावजी पहिल्या दिवशी म्हनले, "नवी वायर हाय, अंग धरायला येळ लागनार." मंग म्हनले, "ब्याटरी उतरली." मंग म्हनले, "स्टार्टर म्हातारा झाला." शेवटी ऊसतोडीची मानसं बोलवायची, बस ढकलायची, अन् ती गुरगुरली की सगळं गोड. एकदा इंजिन फिरलं की दिवे लागायचे, पंखा गरगरायचा, कारन दिव्यापंख्याला तेवढी वायर पुरती. ढकलून घामाघूम झालेली तीच मानसं पंख्याखाली तोंड करून म्हनायची, "श्रीमंता, काम केलंस गड्या!" भावजी टेस्टर चाचपत मान हलवायचे. मला तर हसावं का रडावं कळायचं न्हाई.

आमच्या ह्यांनी एकदा धीर करून आप्पासाहेबांना गाठलं. म्हनले, नगरहून जाड केबल मागवू, दिवाळीच्या आत बसवून टाकू.

आप्पासाहेबांनी इचारलं, "बन्सी, ढकलल्यावर चालू व्हती ना?"

"व्हती, साहेब."

"मंग? आपल्याकडं ढकलनारी मानसं काय कमी हायत का?"

संपला इषय. ज्याच्या दारात राबनारी मानसं उभी, त्याला कशाला पायजे जाड केबल? भावजींसारख्यांचं खपतं ते अशाच गिऱ्हाइकांपायी. एक ठोकून सांगनारा, दुसरा मान डोलावनारा, अन् मधी आमच्यासारखी खांदा लावनारी.

भाऊबिजेला उजाडायला निघालो. पुढं हे अन् आप्पासाहेब, पलंगावर थोरल्या बाई, त्यांच्या पायाशी मी, मागं ढकलायला दोन गडी, अन् त्यांच्या त्या आग्नेय कोपऱ्यात पेटीवर पाय टाकून आमचे भावजी. बाईंनी नवं लुगडं नेसवून घेतलं हुतं. ओवाळायचं ताम्हन त्यांनी छातीवर धरून ठेवलं, म्हनलं खाली ठेवा तरी ठेवलं न्हाई. पडदा सारून एकसारख्या बाहेर बघायच्या.

"साळू, कुठं आलो गं?"

"शिर्डी गेली, बाई."

"सहादेव वाट बघत असंल."

आमच्या ह्यांनी मनाशी ठरवलं हुतं की वाटंत इंजिन बंद करायचंच न्हाई. लघवीला उतरले तरी गाडी गुरगुरत ठेवून. बाईंना वयानं कमी ऐकू यायचं, त्यात ती घरघर, मी त्यांच्या कानाला तोंड लावून बोलायची. नेवासं मागं पडलं. उन्हं तापायच्या आत घोडेगाव आलं. हे मागं वळून म्हनले, "बाई, दुपारच्या जेवनाला मामांच्या दारात." मी ते बाईंच्या कानात सांगितलं. बाई हसल्या. हाड मोडल्यापासनं पहिल्यांदा हसल्या त्या.

घोडेगावात आप्पासाहेबांना च्याची तलफ आली. हाटेलासमोर गाडी उभी केली, इंजिन चालूच. शनिशिंगनापूरला तेल घालायला निघालेली मानसं तिथं बसली हुती, ती घरगाडीभोवती गोळा झाली. पडदे काय, मोरी काय, पंखा काय! आता लोकं जमली म्हनल्यावर आमच्या भावजींना कुठला दम निघतोय? लागले सांगायला. तेवढ्यात त्यांच्यातल्या एकानं इचारलं, "पाव्हनं, इंजिन का बंद करत न्हाई? डिझेल जळतंय की उगं."

झालं! भावजींचा अपमान झाला. आमचे हे तिकडं कपबशी तोंडाला लावतायत तवर भावजी पुढं चढले अन् हात घालून इंजिन बंद केलं. "बघा आता. एका टिचकीत चालू करून दाखवतो."

'टक्.'

परत, 'टक्.'

आमचे हे कपबशी टाकून पळत आले. पन भावजींना लोकांदेखत मागं सरायचं न्हवतं, त्यांनी स्टार्टरवरचा हात उचललाच न्हाई. पलंगाखालनं धूर निघाला. वायरीवरचं रबर वितळून खाली गळायला लागलं. बाईंना ठसका लागला, त्यांचे डोळे पांढरे व्हायला लागले. मी त्यांच्या तोंडावर पदर धरला अन् ओरडले, "अहो, सोडा ते! म्हातारीला जाळता का काय?" तवा कुठं सोडलं.

अन् तोंडातनं काय निघावं? "शनीच्या हद्दीत आलोय, वैनी. गाडीला साडेसाती हाय."

आग लागो त्या तोंडाला! शनिदेवानं वायर वढली हुती व्हय बसच्या पोटाखालनं?

रस्ता सपाट, उतार औषधाला न्हाई. दोन गडी, ती तेल घालायला निघालेली मानसं, हाटेलवाला, सगळ्यांनी खांदा लावला. पन भरलेली टाकी, लोखंडी पलंग. बस चार पावलं जायची अन् दम खायची. टाकीचं पानी सोडून दिलं, तरी न्हाई. बाजाराचा दिवस असता तर बैलांच्या जोड्या जुपल्या असत्या, पन बाजार न्हवता. सनाचा दिवस, रस्त्यानं जाईल त्याला आपापल्या बहिनीकडं जायची घाई. ढकलनारी मानसं कमी हायत का म्हननारे आप्पासाहेब शेवटी स्वतः धोतर खोचून मागं लागले. खोटं कशाला बोलू, बघून मला बरं वाटलं. अन् भावजी? ते पुढं उभे राहून "हां, लावा जोर!" म्हनत हुते.

बाई आत पडून. वर पत्रा तापलेला, पंखा बंद, धुराचा वास तसाच. मी पदरानं वारा घालायची.

"साळू, निघाली का गं?"

"निघती, बाई."

परत थोड्या येळानं, "निघाली का गं?" शेवटी शेवटी त्यांनी इचारायचं बी सोडलं. मी बाहेर येऊन रस्त्याच्या कडंला भावजींना गाठलं अन् म्हनले, "भावजी, त्या म्हातारीची आजची भाऊबीज चुकली ना, तर तुमच्या ताटात परत वाढनार न्हाई मी." ते म्हनले, "वैनी, मशिनरी हाय. मशिनरीत व्हतं असं."

उन्हं कलल्यावर उसाचा एक टॅक्टर आला. त्यानं साखळदंड लावून वढली तवा इंजिन धडधडलं. हे सुटले ते सुटलेच, कुठं थांबले न्हाईत. मी म्हनत हुते भावजींना तिथंच शनीच्या हवाली करा. पन भाऊ ना! घेतलं आत.

दिवस बुडायला वाडीवर पोचलो. काळी जमीन, परातीगत सपाट. मामांची सून भागिरथी दारात उभी हुती. म्हनली, "मामंजी सकाळधरनं रस्त्याकडं डोळे लावून पडल्यात. आमी म्हनलं, आता काय येत न्हाईत आत्याबाई." चौघांनी मामांची बाज उचलून आनली अन् बसच्या दाराला लावली. बाईंना आमी गादीसकट सरकवून दारापाशी घेतलं. बहीन-भाऊ समोरासमोर आले, दोघं बी आडवे.

हे तिकडं स्टेरिंगवर बसून. इंजिन चालू. बंद केलं तर हिथंच मुक्काम, अन् आप्पासाहेबांची दुसऱ्या दिवशी कारखान्यावर मिटिंग हुती. सगळी बस थरथरत हुती. ताम्हनातलं निरांजन थरथरत हुतं. बाईंनी तशीच ओवाळनी केली, कुंकवाचं बोट मामांच्या कपाळाला लावताना हललं, नाकावर आलं. मामांचा एकच हात चालत हुता, तो त्यांनी बाईंच्या हातावर ठेवला. अन् काहीतरी बोलले.

तोंड वाकडं झालेलं, आवाज बारीक. बाईंना ऐकू गेलं न्हाई. "आं?"

मामा परत बोलले. वर इंजिनाची घरघर.

"काय म्हनतो रं?"

मामांनी नरड्याच्या शिरा तानल्या. मला कळंना, भागिरथीनं कान नेला, तिला बी कळंना. बाई मोठ्यानं म्हनल्या, "मी छबू! आक्का तुझी!" ते काय त्यांना ठावं न्हवतं व्हय? मामांनी मान हलवली अन् परत तेच काहीतरी बोलले. बाईंच्या डोळ्यांना धार लागली. रडू न्हवतं ते, संताप हुता. एवढा उपद्व्याप करून, दिवसभर धूर खाऊन आल्या, भाऊ हाताच्या अंतरावर, अन् त्याचा एक शब्द कानात शिरंना.

आमचे भावजी कुठं असावेत? बसच्या मागं, वाडीतली मानसं धरून खिडकीतनं पंखा दाखवत हुते.

बाईंनी मान फिरवली. "बन्सी, बंद कर ते."

आमच्या ह्यांनी आप्पासाहेबांकडं बघितलं. आप्पासाहेब म्हनले, "आई, बंद केलं तर परत निघता येनार न्हाई. हिथं उतार न्हाई, मानसं न्हाईत. वाईच उरकून घे."

उरकून घे म्हने! 

"बंद कर म्हनते ना."

हे ऐकलं अन् मागनं भावजी पळत आले. हात जोडले. आप्पासाहेबांदेखत, सगळ्या वाडीदेखत. "दादा, नका बंद करू! चालू व्हायची न्हाई ती! वायर बारीक पडली माझी, तिच्यानं वढवत न्हाई. चुकलं माझं दादा, पन बंद नका करू!"

जन्मात पहिल्यांदा हा मानूस खरं बोलला. तेच दिवाळीच्या आधी बोलला असता तर काय बिघडलं असतं? मला वाटलं, आता तरी मला ह्यांची कीव येईल. वाट बघितली. आली न्हाई.

बाईंनी त्यांच्याकडं बघितलं सुदिक न्हाई. "न्हाई झाली चालू तर न्हाई झाली. राहीन मी हिथं. बन्सी!"

आमचे हे जल्मात मालकाच्या शब्दाबाहेर गेले न्हवते. त्या दिवशी आप्पासाहेबांकडं न बघता वाकले अन् इंजिन बंद केलं.

थरथर थांबली. निरांजन सरळ जळायला लागलं. कुठंतरी गाय हंबरली, ती ऐकू आली. मामांनी बाईंचा हात सोडला न्हवता. आता त्यांना ओरडायला नको हुतं. वाकड्या तोंडानं, एकेक शब्द जुळवत, मघापासनं जे इचारत हुते तेच त्यांनी परत इचारलं.

"आक्का... पडलीस तवा... लई लागलं का गं?"

शिमग्यापासनं मी बाईंचं करत हुते. हाडाचा डाक्टर आला, वैदू आला. आप्पासाहेब रोज सकाळी दारातनंच इचारायचे, "आई, बरं हाय ना?" अन् बाई म्हनायच्या, "बरं हाय." कूस बदलताना ओठ दाताखाली धरायच्या, पन माझ्यापाशी सुदिक कवा शब्द काढला न्हाई.

त्यांनी भावाचा तो हात उचलून आपल्या गालाला लावला.

"लागलं रं, सहादेवा," त्या म्हनल्या. "लई लागलं."